नातू, पिढी तिसरी

१

पेशींना रविवार कळत नाही. एक दिवसाआड त्यांच्यावरचा जुना द्रव काढून ताजा घालावा लागतो. आमच्या भाषेत याला जेवू घालणं म्हणतात, आणि त्या दिवशी सुट्टी असो, पाऊस असो, घरी पाहुणे असोत, कुणीतरी जावंच लागतं. गेली बावीस वर्षं तो कुणीतरी मीच आहे. साहेब मंडळी परिषदांना जातात, फोटोत हसतात. मी जेवू घालतो. तक्रार नाही. मला माणसांपेक्षा पेशी बऱ्या वाटतात, निदान उलट बोलत नाहीत.

प्रयोगशाळेत उबेचं कपाट जिथे आहे त्या खोलीला आम्ही पाळणाघर म्हणतो. कपाटात सदतीस अंश, दमट अंधार, आणि आडवे ठेवलेले चपटे फ्लास्क. पेशी तळाला चिकटून वाढतात. तळ भरला की त्यांना सोडवायचं आणि दोन-तीन नव्या फ्लास्कांत वाटायचं. अशा प्रत्येक वाटणीला आम्ही एक पिढी म्हणतो. पाचव्या पिढीपुढच्या पेशी रुग्णाला द्यायच्या नाहीत, हा एक नियम. फ्लास्कवर आकडा आणि पिढी लिहायची, नाव कधीही लिहायचं नाही, हा दुसरा. हा दुसरा नियम नव्या माणसांना मीच दरडावून शिकवतो.

लग्न झाल्यावर बायको दर रविवारी दार उघडताना विचारायची, "काय, लेकरांना जेवू घातलंत का?"

"हो. सगळी जेवली. एकानेही नाटकं केली नाहीत."

सात वर्षांपूर्वी आमचं बाळ जन्मून चार तासांत गेलं. मुलगा होता. त्यानंतर तिने तो प्रश्न विचारला नाही. दुसरा एक प्रश्न मात्र दरवर्षी त्याच तारखेला विचारायची, भाजी निवडता निवडता, माझ्याकडे न बघता.

"ते आहे ना अजून?"

"आहे."

"थंडीत?"

"थंडीतच."

"बरं."

ते म्हणजे त्याच्या नाळेतल्या पेशी. त्या मीच काढून ठेवल्या होत्या, त्याच दिवशी, कारण त्या वेळी हाताला काहीतरी काम हवं होतं. उणे एकशे शहाण्णव अंशाच्या टाकीत दोन कुप्या. आमच्याकडे त्याचं तेवढंच काय ते उरलेलं होतं.

२

आईने चाळीस वर्षं पायाच्या मशीनवर लोकांचे कपडे शिवले. तिच्या उजव्या पायाला घोट्याच्या वर, आतल्या बाजूला, दोन वर्षांपासून जखम होती. शिरा फुगल्याने झालेली, सुरुवातीला नाण्याएवढी, मग तळहाताएवढी. बायको रोज पट्टी बदलायची. नाक मुरडायची नाही, पण पट्टी झाली की बराच वेळ खिडकीपाशी उभी राहायची.

जखमांचा दवाखाना आमच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आहे. तिथल्या डॉक्टरीणबाई चांगल्या, पण शब्द मोजून वापरतात. त्या म्हणाल्या, "तीन महिने बघू. नाही भरली, तर पाय गुडघ्याखालून काढावा लागेल."

आई घरी येऊन मशीनसमोर बसली. "मग मशीन कशाने चालवू? जिभेने? तुझी बायको म्हणेल, चालेल, ती दमत नाही."

बायको हसली. मीही हसलो. मग आईने मशीनवर झाकण घातलं आणि ती भिंतीकडे तोंड करून रडली. तिला रडताना मी वडील गेले तेव्हाही पाहिलं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी मूलपेशींचा उपाय सुचवला. पेशी वाढवायच्या, जेलमध्ये मिसळून जखमेवर पसरायच्या. त्या स्वतः फारशा टिकत नाहीत, पण आजूबाजूच्या कातडीला हाकारून कामाला लावतात. आईच्याच पोटातली थोडी चरबी काढली आणि तिच्या पेशी मी लावल्या. चौदा दिवसांत तळाचा कोपराही भरला नाही.

"माझ्यासारख्याच त्या," आई म्हणाली. "बसल्या की उठायचं नाव नाही."

माझ्या पेशी चालणार नव्हत्या, माझी साखर वाढलेली. तीन महिन्यांतला एक असा गेला. नाळेच्या पेशी मिळाल्या तर सोन्याहून पिवळं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि त्यातही घरातल्याच कुणाच्या असल्या तर उत्तम. असं म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांना माहीतच नव्हतं.

३

बायकोला विचारायचं ठरवून मी तीन दिवस घरी गेलो. पहिल्या दिवशी तिचं डोकं दुखत होतं. दुसऱ्या दिवशी माझं. तिसऱ्या दिवशी ती आईच्या पायाशी बसून पू पुसत होती आणि आई छताकडे बघत ओठ चावत होती. तेव्हा विचारलं असतं तर ती नाही म्हणू शकली नसती. अशा वेळी विचारणं हा जुलूमच. म्हणून विचारलं नाही, असं मी स्वतःला पटवलं. खरं कारण एवढंच की ती नाही म्हणेल याची मला भीती होती.

साठवलेल्या पेशी बाहेर काढायच्या अर्जावर बाळाच्या आईवडील दोघांच्या सह्या लागतात. तिची सही मी केली. बावीस वर्षं लेबलं लिहून माझा हात वळणदार आहे, कुणाचंही अक्षर जमतं.

अर्जात एक रकाना होता, 'पेशी देणाऱ्याचे रुग्णाशी नाते'. मी लिहिलं, नातू.

हा शब्द मी त्याच्यासाठी आधी कधी वापरला नव्हता. त्याचं नाव ठेवलेलं नव्हतं, कुपीवरसुद्धा नुसता आकडा. नातू लिहिल्यावर मी पेन खाली ठेवलं, पाणी प्यालो, पुन्हा उचललं. मग टाकी उघडून दोन्ही कुप्या काढल्या, कोमट पाण्यात धरून वितळवल्या, फ्लास्कमध्ये घातल्या आणि लेबल चिकटवलं. संध्याकाळी कपाट बंद करताना पाहिलं तर मी आकडा लिहिलाच नव्हता. माझ्याच वळणदार अक्षरात होतं: 'नातू, पिढी पहिली'.

लेबल बदलायला दोन मिनिटं पुरली असती. मी बदललं नाही. नवा फ्लास्क भरला तेव्हा त्यावरही तेच लिहिलं, पिढी दुसरी. मग तिसरी. पेशी अशा वाढल्या की सांगता सोय नाही. आजीचा पाय वाचवायला नातू धावला, असं काहीतरी मनात यायचं आणि डोळे भरून यायचे. उलटी गंगा, मी म्हणायचो. पिढ्या खालून वर चालल्यात.

४

दोन वेळा पेशी दिल्या. तिसऱ्या पिढीचा एक फ्लास्क गरज पडली तर म्हणून मी पाळणाघरात ठेवला.

दर शुक्रवारी मी आईच्या जखमेवर पारदर्शक कागद ठेवून कडेभोवती पेनने रेघ काढायचो. तळहात. मग अर्धा तळहात. मग अंगठ्याचा ठसा. सातव्या शुक्रवारी रेघ काढायला काही उरलंच नव्हतं. दोन वर्षांची जखम सात आठवड्यांत भरली. डॉक्टरीणबाईंनी दोन शब्द जास्त वापरले.

आई मशीनपाशी बसली आणि पाय मशीनच्या पायपट्टीवर ठेवून उगाचच रिकामं मशीन चालवलं. घरभर तो आवाज. बायको स्वयंपाकघरातून धावत आली आणि सासूच्या गळ्यात पडली. मी तिथेच सगळं सांगून टाकणार होतो. तोंड उघडलंही होतं.

"सुंदर शिवलंय हो," आई स्वतःच्या पायाकडे वाकून म्हणाली. नव्या कातडीवरून तिने शिंपिणीचं बोट फिरवलं. "टाका दिसत नाही. पण कापड आपलं नाही हं हे."

"म्हणजे?"

"म्हणजे मऊ आहे फार. माझ्या अंगाला असलं कापड कधीच नव्हतं."

आम्ही हसलो, आणि मी तोंड मिटलं.

त्याच दुपारी पहिल्यांदा पाहिलं. बायको दळण आणायला गेली होती, मी आईच्या पायाला मलम लावत होतो. खोलीत उकडत होतं, आईच्या कपाळावर घाम. आणि नव्या कातडीवर काटा उभा राहिला. फक्त तेवढ्याच भागावर. आजूबाजूचा पाय कोरडा, गुळगुळीत.

आता हे मला कळतं, म्हणून सांगतो. अंगावर काटा येतो कारण केसाच्या मुळाशी बारीक स्नायू असतो आणि तो आखडतो. भरलेल्या जखमेवर केसांची मुळं नसतात. मुळं नाहीत, स्नायू नाहीत, काटा नाही. हे पुस्तकात आहे, आणि दहा वर्षं शेकडो पाय पाहून मलाही माहीत आहे. ते पुरळ असेल, मलमाची ॲलर्जी असेल.

मी बोट ठेवलं. पुरळ नव्हतं.

"आली बघ तुझी बायको," आई म्हणाली. तेवढ्यात घंटा वाजली.

५

पुढे ते रोजचंच झालं. आधी काटा, मग घंटा. मी घड्याळ लावून पाहिलं, माझा स्वभावच तसा. सरासरी चाळीस सेकंद. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, म्हणजे ती जिन्याची पहिली पायरी चढते तेव्हा. आईचे कान तीक्ष्ण आहेत, तिला चाहूल लागत असेल आणि अंगाला कळत असेल, असं मी वहीत लिहिलं. मग खाली लिहिलं, की आईच्या उजव्या कानाला दहा वर्षांपासून ऐकू येत नाही.

"भीती वाटते का गं तुला?" मी आईला विचारलं.

"कशाची?"

"काटा येतो म्हणून म्हणतो."

"काटा काय भीतीनेच येतो होय? थंडीनेही येतो. मायेनेही येतो." मग म्हणाली, "याला थंडी वाजते बरं का पण. फार आतून वाजते. कुठे ठेवलं होतं रे हे औषध?"

"फ्रिजमध्ये," मी म्हणालो.

दर तीन तासांनी पाय ठणकायचा. गोळीने थांबायचा नाही. सून जवळ बसली, हात ठेवला, की थांबायचा. आधी आई तिला हाक मारायची, पुढे हाक मारायची गरज उरली नाही. बायको हातातलं काम टाकून उठायची, बरोबर तीन तासांनी, घड्याळ न बघता. मी म्हटलं, अगं, तू दमशील. ती म्हणाली, "मला कुठे काय काम असतं?" आवाजात तक्रार नव्हती. सात वर्षांत तिच्या आवाजात पहिल्यांदाच घाई होती, कुणीतरी वाट बघतंय अशी.

एका दुपारी ती आईच्या खोलीतून बाहेर आली तेव्हा तिच्या निळ्या गाऊनवर छातीपाशी दोन ओले डाग होते.

"पाणी सांडलं," ती म्हणाली आणि हात आडवे धरून न्हाणीघरात गेली.

असं होऊ शकतं. काही गोळ्यांनी होतं, डोक्याच्या ताणाने होतं, वर्षानुवर्षांनीही होतं. मी शोधून वाचलं. ती कुठलीही गोळी घेत नाही.

त्या दिवशी जेवताना तिने विचारलं, "आईंना दिल्या त्या पेशी कुणाच्या हो?"

"साठ्यातल्या. कुणाच्या ते आम्हालाही नसतं माहीत."

"असं कसं? कुणाच्या तरी असतीलच ना."

"नुसते आकडे असतात गं."

तिने मान डोलावली आणि माझ्या ताटात आणखी वाढलं. त्यानंतर आठच दिवसांनी ती तारीख आली. दरवर्षीचा प्रश्न तिने विचारला नाही. मी दिवसभर वाट पाहिली, उत्तर घोकून ठेवलं होतं. ती भाजी निवडत गुणगुणत होती.

६

शुक्रवारी कागद काढण्याची गरज नव्हती, पण मी सवयीने ठेवला. नव्या कातडीचा रंग वेगळा होता, फिकट गुलाबी, त्यामुळे कड स्पष्ट दिसायची. रेघ मारून मी तो कागद पहिल्या, सर्वांत मोठ्या रेघेच्या कागदावर ठेवला. नवी रेघ जुन्या रेघेच्या बाहेर होती. सगळीकडून, बोटभर.

जखम भरली होती आणि भरणं थांबलेलं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही कागद उजेडात धरले. बराच वेळ धरले. "हे चांगल्या कातडीत शिरतंय," त्या म्हणाल्या. "असं व्हायला नको. बुधवारी भूल देऊन कापून काढू. नाही काढलं आणि खोल गेलं, तर पुन्हा पायावरच येईल सगळं." मग म्हणाल्या, "यातलं काही शिल्लक आहे?"

"एक फ्लास्क."

"नष्ट करा."

घरी सांगितलं. आई म्हणाली, "कापा बाबा. मला पाय हवाय." बायको उठून आईच्या खोलीत गेली, आणि तीन तास झाले नव्हते.

रविवारी मी पाळणाघरात गेलो. कपाटाच्या मधल्या फळीवर तो एकटाच फ्लास्क होता. नष्ट करणं अवघड नसतं. ब्लीच ओतायचं, अर्धा तास ठेवायचं, मोरीत सोडायचं, वहीत वेळ लिहायची. मी हजारदा केलंय, चहाचा कप दुसऱ्या हातात धरूनही केलंय. त्या दिवशी आधी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. पाहायला नको होतं. पेशी छान होत्या, लांबट, भरलेल्या, एकमेकींना लागून. वर लेबल, 'नातू, पिढी तिसरी'. मी मोठ्याने म्हणालो, "माफ कर." बावीस वर्षांत मी पेशींशी पहिल्यांदाच बोललो होतो, आणि उत्तर आलं नाही याचं मला बरं वाटलं.

मग ओतलं. सूक्ष्मदर्शकाखालीच होता फ्लास्क. त्या एकेक करून अंग आखडून गोल होत गेल्या आणि तळ सोडला. ब्लीचने असंच होतं. वहीत लिहिलं, साडेअकरा. हातावर सांडलेलं धुतलं, वास काही गेला नाही.

घरी चालत आलो. वाटेत ठरवलं, आज सांगायचंच. सहीचं, टाकीचं, सगळं. आता लपवायला काही उरलेलंही नव्हतं.

७

दार लोटलेलं होतं. एरवी दुपारच्या या वेळी आमच्या घरात कुकरची शिट्टी, रेडिओ, नाहीतर मशीन, काहीतरी वाजत असतं. त्या दिवशी काहीच नाही. आईच्या खोलीतून फक्त बारीक गुणगुण.

बायको पलंगाशी जमिनीवर बसली होती. आईने पाय खाली सोडलेला, तो तिच्या मांडीवर. आई तशीच आडवी झोपली होती, तोंड उघडं, चेहरा रडून सुजलेला. पायावर धुऊन धुऊन पातळ झालेलं पिवळं कापड होतं. आईच्या कपाटातलं जुनं फडकं असेल असं वाटलं. मग दिसलं की त्या फडक्याला दोन बाह्या आहेत, माझ्या अंगठ्याएवढ्या. आईनेच शिवलं होतं ते, सात वर्षांपूर्वी. ती सगळी झबली कुणाला तरी देऊन टाकली, असं बायको तेव्हा म्हणाली होती.

"हळू," ती म्हणाली. "आत्ताच निजलाय."

पाय निजतो, मी मनाशी म्हणालो. पायालाही 'निजलाय' असंच म्हणतात. 'तो' पाय. कुणीही म्हणेल.

"इतका रडला, इतका रडला, काय सांगू. आई नुसत्या ओरडत होत्या, भाजतंय, भाजतंय. साडेअकरा वाजले होते. मला काही सुचेना. मांडीवर घेतला, तरी नाही. आणि मग एकदम गप्प." तिने कापड सारखं केलं. "तेव्हाच तुम्ही तिकडे पोचला असाल ना?"

मी दाराची चौकट धरली.

तिने वर पाहिलं आणि ती हसली. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षांत दार उघडताना हसायची तशी.

"काय," ती म्हणाली, "लेकराला जेवू घातलंत का?"

माझ्या तोंडात सगळं तयार होतं, वाटभर घोकलेलं. 

"हो," मी म्हणालो. "जेवला."

"नाटकं केली का?"

"नाही."

"गुणी आहे," ती म्हणाली. "या ना, बघा तरी. किती दिवसांत जवळ आला नाहीत."

तिने कापड बाजूला केलं. कातडी निवांत होती, गुलाबी, एकही सुरकुती नाही, आणि तिची कड आता घोट्याच्या खाली उतरली होती. मी गुडघ्यावर बसलो. हात पुढे केला. बोटांना अजून ब्लीचचा वास होता, तो मलाही आला.

काटा उठला. कडेपासून मधोमध, सरसरून. आई झोपेत होती, तिचा श्वासही बदलला नाही, पाय जागचा हलला नाही. फक्त तेवढी कातडी माझ्या हाताकडून मागे सरकली, गोळा झाली, बायकोच्या पोटाच्या बाजूला.

"अगंबाई," बायको कौतुकाने म्हणाली, "ओळखलं हो त्याने तुम्हाला."